जमिनीखालचा जमाखर्च

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिल्लीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळी कार्यक्रमाच्या थोडे आधीच मी शाळेत पोहोचलो आणि पाय आपोआप मागच्या अंगणाकडे वळले. तेथे आमच्या वेळचा हातपंप अजून उभा आहे. आमच्या पिढीतील प्रत्येकाला तो आठवत असेल. मधल्या सुट्टीत एकाने दांडा हाणायचा आणि दुसऱ्याने ओंजळ धरायची, असा रिवाज होता. आता त्याला दांडा नाही आणि तोटीत चिमण्यांनी काड्या भरल्या आहेत. शेजारी विजेवर चालणारी कूपनलिका आहे. ती आजवर तीनदा अधिक खोल न्यावी लागली, असे शाळेतील जुन्या सेवकांनी मला सांगितले. पंप मोडला म्हणून बंद पडलेला नाही. त्याच्या नळीच्या टोकाखाली आता पाणीच नाही.

या एका पंपावरून एक प्रश्न उभा राहतो. हे आपल्याच अंगणापुरते घडले, की सगळीकडे? आणि सगळीकडे घडले असेल, तर ते ठरवायचे कसे? तलाव आटला तर दिसतो, नदी रोडावली तर दिसते. जमिनीखालचे पाणी कमी झालेले कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाही. गेल्या दोन दशकांत या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. ते आकाशातून आले. पंजाब, हरियाणा, राजस्थान आणि आपली दिल्ली या उत्तरेकडील प्रदेशातील भूजलाचा हिशेब उपग्रहांनी कसा मांडला, हे सांगण्यासाठी मी आपल्यापुढे उभा आहे.

याच इमारतीतील प्रयोगशाळेत विज्ञानाच्या सरांनी आम्हांला ताणकाट्याला बादली अडकवून दाखवली होती. बादलीवर झाकण होते. आत पाणी किती, हे न पाहता सांगा, असे ते म्हणाले. आम्ही गोंधळलो. मग त्यांनी रिकाम्या बादलीचे वजन फळ्यावर लिहिले आणि वजाबाकी आम्हांला करायला लावली. जे पाहता येत नाही त्याचे वजन करता येते, हा धडा मी त्या दिवशी शिकलो. आज सांगायची गोष्ट याच धड्याचा मोठा विस्तार आहे.

१७ मार्च २००२ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून दोन जुळे उपग्रह सोडण्यात आले. अमेरिकेची नासा आणि जर्मनीची अंतराळ संस्था यांच्या या संयुक्त मोहिमेचे नाव ग्रेस. हे उपग्रह छायाचित्रे काढत नव्हते. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून, एकाच कक्षेत, एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून ते एकामागून एक पृथ्वीभोवती फिरत. त्यांचे मुख्य काम एकच होते : आपापसांतील अंतर सतत मोजत राहणे.

एवढ्यावरून पाण्याचे वजन कसे कळते? पुढचा उपग्रह अधिक वस्तुमान असलेल्या प्रदेशाजवळ येतो तेव्हा तो प्रदेश त्याला आपल्याकडे ओढतो. तो किंचित वेग घेतो आणि दोघांतील अंतर वाढते. तो प्रदेश ओलांडून पुढे गेला की तीच ओढ त्याला मागे खेचते आणि मागून येणाऱ्याला पुढे नेते. अंतर घटते. दोघेही पार झाले की ते पूर्ववत होते. हे अंतर सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने जवळजवळ एका मायक्रॉनपर्यंत मोजले जाई. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे दिल्लीपासून जयपूरच्या जवळपास जाईल एवढ्या अंतरात केसाच्या जाडीच्या काही दशांश भागाचाही फरक पडला, तर तो टिपला जात होता.

महिनाभरात हे उपग्रह साऱ्या पृथ्वीवरून फिरून येत आणि त्यांच्या नोंदींवरून त्या महिन्याचा गुरुत्वाकर्षणाचा नकाशा तयार होई. पुढच्या महिन्यात दुसरा नकाशा. आता वजाबाकी आली. मालवाहू ट्रक वजनकाट्यावर एकदा रिकामा आणि एकदा भरलेला चढवतात, तसेच हे आहे. हिमालय या महिन्यात जेवढा आहे तेवढाच पुढच्या महिन्यात असतो. तो रिकाम्या ट्रकासारखा. महिन्यामहिन्याला जागा बदलते ते मुख्यतः हवा आणि पाणी. हवेचा आणि सागरी भरती-ओहोटीचा भाग अन्य मोजमापांच्या आधारे वजा केला की जमिनीवर उरतो तो प्रामुख्याने पाण्याच्या साठ्यातील फरक.

परंतु हा साठा सर्व प्रकारच्या पाण्याचा एकत्रित असतो. पर्वतावरचे बर्फ, धरणांतील पाणी, शेतातल्या मातीचा ओलावा आणि खोल भूजल, या सर्वांची एकच बेरीज उपग्रह देतो. दुकानदाराच्या गल्ल्यात दिवसाअखेरीस किती रक्कम आहे हे कळावे, पण ती कोणत्या मालाची हे कळू नये, तशी ही स्थिती. म्हणून संशोधक पाऊस, तापमान, पिके यांच्या नोंदींवर आधारलेल्या गणिती प्रारूपांतून मातीतील ओलाव्याचा अंदाज काढतात, धरणांची पातळी पाहतात, बर्फाचा भाग तपासतात, आणि ते सर्व वजा केल्यावर जे उरते त्याला भूजलातील बदल म्हणतात. प्रत्येक वजाबाकीबरोबर थोडी अनिश्चितता शिरते. म्हणूनच या क्षेत्रातील प्रामाणिक आकड्यापुढे नेहमी अधिक-उणे असे चिन्ह असते. विद्यार्थी मित्रांनो, त्या चिन्हाला कमीपणा समजू नका. आपल्याला किती कळले आणि किती नाही, याची ती सही आहे.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. २००९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मॅथ्यू रोडेल, इझाबेला वेलिकोन्या आणि जेम्स फॅमिलिएटी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी राजस्थान, पंजाब आणि दिल्लीसह हरियाणा एवढा प्रदेश घेऊन ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळातील ग्रेसच्या नोंदी तपासल्या. त्यांच्या हिशेबानुसार या प्रदेशातील भूजल दरवर्षी १७.७ घन किलोमीटरने, अधिक-उणे ४.५, घटत होते. सहा वर्षांच्या त्या काळात एकूण १०९ घन किलोमीटर पाणी गेले.

१०९ घन किलोमीटर म्हणजे किती, याची कल्पना एकदम येत नाही. भाक्रा धरणामागचा गोविंदसागर आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिला आहे. त्याच्या एकूण साठवणक्षमतेच्या अकरापटींहून अधिक पाणी त्या सहा वर्षांत भूगर्भातून उणे झाले. ज्यांचे मूळ गाव सातारा-कराडकडे आहे त्यांना कोयनेचे एकशेपाच टीएमसी पाठ असतात. काठोकाठ भरलेल्या कोयनेसारखे पस्तीसहून अधिक जलाशय, असा तो आकडा आहे. आणि त्या काळात या प्रदेशातील पाऊस सरासरीच्या जवळपास होता, असे निबंधकारांनी नोंदवले. म्हणजे दोष दुष्काळावर टाकता येत नव्हता.

हीच घट प्रदेशभर सारखी पसरली असे मानले, तर वर्षाला सुमारे चार सेंटिमीटर जाडीचा पाण्याचा थर होतो. चार सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण जमिनीखाली पाण्याचे मोकळे तळे नसते. ते वाळूच्या कणांमधील फटींत असते. उपसता येण्याजोगे पाणी एकूण आकारमानाच्या साधारण बारा टक्के धरले, तर चार सेंटिमीटर पाणी काढण्यासाठी पातळी सुमारे तेहतीस सेंटिमीटर खाली जावी लागते. दरवर्षी एक फूट. आपल्या अंगणातील हातपंपाची नळी कोरडी का पडली, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे.

त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेचे वीरेंद्र तिवारी यांनी जॉन वाहर आणि शॉन स्वेन्सन यांच्यासह गंगेच्या मैदानासह उत्तर भारताचा आणि लगतच्या भूभागाचा अधिक विस्तृत पट्टा घेऊन स्वतंत्रपणे हिशेब केला. त्यांना वर्षाला ५४ घन किलोमीटर, अधिक-उणे ९, इतकी घट आढळली. पुढे काही संशोधकांनी पहिल्या आकड्यांवर शंकाही घेतली. उपग्रहाची नजर ढोबळ असल्यामुळे शेजारच्या प्रदेशातील बदल या प्रदेशाच्या खात्यात मिसळून घट फुगली नाही ना, असा त्यांचा प्रश्न होता. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका फेरतपासणीत घटीचा वेग काहीसा कमी भरला. पण तिची दिशा बदलली नाही. शास्त्रात शंका घेणे म्हणजे खोटे ठरवणे नव्हे. पातेल्यातील दूध उतू गेले की नाही यावर एकमत असावे आणि किती गेले यावर चर्चा चालावी, तसे हे आहे.

जमिनीवरचा हिशेबही तेच सांगतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२३ च्या मूल्यांकनानुसार वर्षभरात जेवढे भूजल सुरक्षितपणे उपसता येईल त्याच्या तुलनेत पंजाबात सुमारे १६४ टक्के, राजस्थानात १४९ टक्के आणि हरियाणात १३६ टक्के उपसा होतो. संपूर्ण देशाचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे. शंभर रुपये मिळवून एकशे चौसष्ट खर्च करणारा गृहस्थ वरचे चौसष्ट कोठून आणतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तो पूर्वजांची ठेव मोडतो.

आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा महाराष्ट्रातून येथे आले. तिकडची विहीर आणि इकडची कूपनलिका यांत एक मोठा फरक आहे. दख्खनचा बहुतांश भाग काळ्या कातळाचा. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरांत थोडेच पाणी मावते. म्हणून तिकडची विहीर पावसाळ्यात भरते आणि चैत्र-वैशाखात तळ दाखवते. ती दरवर्षी माणसाला सावध करते. येथील जमीन मात्र हिमालयातून वाहून आलेल्या गाळाची आहे. तो गाळ कित्येक ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे आणि त्यात हजारो वर्षांचे पाणी साचलेले आहे. येथे पाणी लागले नाही तर नळी आणखी खोल नेता येते, पुन्हा पाणी लागते आणि संकट टळल्यासारखे वाटते. गरीब माणसाला उधळपट्टी लगेच जाणवते, श्रीमंताला ती उशिरा कळते. उत्तरेचे भूजल श्रीमंत होते. त्यामुळेच त्याची घट इतकी वर्षे आपल्या लक्षात आली नाही.

या घटीबद्दल शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. भात हे पंजाबचे पूर्वापार मुख्य पीक नव्हते. देश धान्यासाठी परदेशी जहाजांची वाट पाहत होता, तेव्हा गहू आणि तांदूळ पिकवण्याचे काम देशानेच या प्रदेशावर सोपवले. हमीभावाने खरेदी, शेतीला स्वस्त वा मोफत वीज आणि कूपनलिका यांच्या बळावर त्यांनी ते पार पाडले. तो तांदूळ देशभरच्या शिधावाटप दुकानांत गेला. आपल्याही घरांत तो शिजला असेल. जमिनीखालचे पाणी पोत्यांत भरून आपल्यापर्यंत येत होते, एवढेच.

उपाय झाले नाहीत असेही नाही. २००९ साली पंजाबने कायदा केला की १० जूनपूर्वी भाताची लावणी करू नये. मे महिन्याच्या कडक उन्हात शेतात उभे केलेले पाणी वाफ होऊन जाते. लावणी पावसाळ्याच्या जवळ नेली तर उपसा कमी होईल, हा विचार योग्यच होता. हरियाणानेही त्याच वर्षी असा कायदा केला. परंतु लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. भात निघाल्यापासून गव्हाची पेरणी होईपर्यंत हातात राहणारे दिवस आणखी कमी झाले, आणि शेत लवकर मोकळे करण्यासाठी पेंढा जाळण्याचा काळ ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरकडे सरकला. त्या दिवसांत वारा मंद असतो आणि थंड हवा जमिनीलगत साचून राहते. पालकहो, नोव्हेंबरात धुरामुळे शाळा बंद ठेवावी लागते आणि मुले घरी बसतात, तेव्हा त्या धुराची कारणे अनेक असतात. त्यांतील एक धागा थेट भूजलापर्यंत जातो. पाण्याच्या खात्यात केलेली बचत काही अंशी हवेच्या खात्यावर कर्ज म्हणून चढली. या दोन्ही वह्या एकत्र ठेवल्याशिवाय कोणत्याही उपायाचा खरा हिशेब लागत नाही, हे मला येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

आता या साधनाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ग्रेसची नजर साधारण तीनशे-चारशे किलोमीटरच्या पट्ट्याहून बारीक नव्हती. तो उपग्रह उत्तर-पश्चिम भारताचे सांगू शके, एका जिल्ह्याचे खात्रीने नाही आणि आपल्या अंगणाचे तर मुळीच नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात ती मोहीम संपली. २२ मे २०१८ रोजी तिची वारसदार मोहीम सुरू झाली. मधल्या जवळजवळ वर्षभराच्या काळाची पाने त्या वहीत कोरीच राहिली आहेत. नव्या जोडीत अंतर मोजण्यासाठी लेसर किरणांचा प्रयोगही जोडलेला आहे, तरी नजरेचा आवाका फारसा बदललेला नाही.

बारीक पाहणारे उपग्रह वेगळे आहेत. ते पाण्याचे वजन न करता जमिनीची उंची मोजतात. गाळाच्या थरांतून पाणी काढले की कण एकमेकांजवळ येतात आणि जमीन खचते. रडार-उपग्रहांनी वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या प्रतिमांची तुलना केली की हे खचणे मोजता येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपल्याच दिल्लीच्या दक्षिण-पश्चिम भागात, विमानतळाजवळील कापसहेडा परिसरात, वर्षाला दहा सेंटिमीटरहून अधिक वेगाने जमीन खचल्याचे आढळले. अशा प्रकारे दबलेल्या चिकणमातीच्या थरांत पुढे पाऊस कितीही झाला तरी पूर्वीइतके पाणी पुन्हा मावत नाही. ठेव तर मोडलीच, पेटीही लहान झाली. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून झेपावलेला इस्रो आणि नासा यांचा निसार हा उपग्रह हेच काम अधिक व्यापकपणे करण्यासाठी आहे. तो दर बारा दिवसांनी त्याच जागेवर परत येतो.

उपग्रह इतके सूक्ष्म पाहू लागले, तर जमिनीवरच्या नोंदींची गरज संपली का? माझे उत्तर ठाम नकार असे आहे. आकाशातून आलेला आकडा खरा की खोटा, हे ठरवायला शेवटी कोणाला तरी विहिरीत टेप सोडावीच लागते. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातील निरीक्षण-विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. ते काम मोठे आहे, पण दोन विहिरींमधील अंतर बरेच असते आणि मधल्या गल्ल्यांची, वस्त्यांची नोंद कोठेच होत नाही. उपग्रह दुरून जंगल पाहतो, निरीक्षक जवळून एक झाड पाहतो. दोघांच्या मधली जागा रिकामी आहे.

ती जागा भरण्यासाठी मी शाळेपुढे आज एक विनंती ठेवतो. व्याख्याने होतात, टाळ्या होतात आणि स्मरणिका कपाटात जाते. त्यापलीकडे काही उरावे अशी इच्छा आहे. आपल्या कूपनलिकेच्या झाकणाला एक लहान छिद्र आहे. त्यातून टेप आत सोडता येते. टेपच्या टोकाला खडू चोळावा, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, म्हणजे रात्रभर पाणी स्थिर झालेले असताना, ती खाली सोडावी, आणि खडू कोठवर ओला झाला ते पाहून पाण्याची खोली काढावी. महिन्यातून एक ठरलेला दिवस. आठवीच्या वर्गातील दोन विद्यार्थी आणि एक शिक्षक. एक जाड वही. दिनांक, वेळ, खोली आणि त्या महिन्यातला पाऊस, एवढेच चार रकाने. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून जमिनीत सोडण्याची व्यवस्था माजी विद्यार्थी संघाने करावी, आणि तिचा उपयोग होतो की नाही ते या वहीनेच सांगावे.

पहिल्या वर्षी या नोंदींतून फारसे काही कळणार नाही. पाच वर्षांनी ऋतूंचा चढउतार दिसेल. दहा वर्षांनी आपल्या अंगणाची दिशा कळेल. शाळेच्या अमृत महोत्सवापर्यंत ती वही पंधरा वर्षांची झालेली असेल, आणि एवढा सलग हिशेब या शहरात फार थोड्यांजवळ असेल. तेव्हा या व्यासपीठावर जो कोणी उभा राहील त्याला हातपंपाची आठवण सांगून थांबावे लागणार नाही. तो वही उघडून आकडा वाचू शकेल. तो आकडा चढता असेल की उतरता, हे आज सांगता येत नाही. तो ठरवणे काही अंशी आपल्या हातात आहे.

वस्तुमान आणि वजन यांतील फरक मी या शाळेत मराठीतून शिकलो. पुढे परक्या भाषांतील मोठमोठे ग्रंथ वाचतानाही तो फरक मला पुन्हा शिकावा लागला नाही. त्या शिकवणीचे ऋण मोठे आहे. वहीसाठी लागणारी टेप मी आज बरोबर आणली आहे. ती मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.